नाक, गाल आणि गुलमर्गचा वारा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते: यंदा बर्फात कोण कुठे जातंय? कोणी उत्तराखंडात केदारकंठा, कोणी ब्रह्मताल, आणि माझ्यासारखे दोनचार खुळे स्कीइंगसाठी गुलमर्ग. मग याद्या फिरायला लागतात. बूट कुठले, थर्मलचे जोड किती, हातमोज्यांच्या आत आणखी हातमोजे घालायचे का. बूट घ्यायला लोक दहा दुकानं पालथी घालतात. चेहऱ्यासाठी मात्र यादीच्या तळाशी एक ओळ असते: ‘सनस्क्रीन, माकडटोपी.’ विषय संपला.

माझ्या मते ही ओळ यादीत सगळ्यात वर हवी. पाय बुटात असतात, हात हातमोज्यात, अंगावर तीन थर. चेहऱ्याला मात्र काम असतं. त्याला बघायचं असतं, श्वास घ्यायचा असतो, पुढच्याला ‘अरे बाजूला हो’ म्हणून ओरडायचं असतं. त्यामुळे तो पूर्ण झाकता येत नाही आणि पूर्ण उघडा ठेवूनही चालत नाही. दिवसभर हे उघडझाक करत राहावं लागतं, आणि ते कधी करायचं हेच कोणी सांगत नाही.

मी मूळची कुडाळची. आमच्याकडे पहाटे पारा पंधरा-सोळावर आला की शेजारीपाजारी ‘हिवाळो इलो’ म्हणत शेकोटी करतात. अशा घरातली मुलगी बर्फावर घसरायला जाते म्हटल्यावर आईने पहिल्यांदा बॅगेत काय घातलं असेल? खोबरेल तेलाची बाटली आणि भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा, गोळा. खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांखाली थिजतं, त्यामुळे ते गुलमर्गच्या खोलीत आठवडाभर दगडासारखं पडून होतं. भिरंडेल मात्र कामी आलं. ओठ फुटल्यावर त्याच्यासारखं काही नाही, हे मी आजही म्हणेन. फक्त ते रात्री लावायचं. दिवसा ओठांना उन्हापासून वाचवायला ते पुरत नाही. त्यासाठी एसपीएफ लिहिलेला लिप बामच हवा.

आता क्रीमचाच विषय निघालाय तर तो आधी संपवते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. ‘गालांना व्हॅसलिन थापलं की थंडी लागत नाही’ हे मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही. पण लिहिते. फिनलंडमध्ये, जिथे सक्तीची सैनिकी सेवा करणारी पोरं भर हिवाळ्यात बाहेर असतात, तिथे नव्वदच्या दशकात यावर नीट अभ्यास झाला. चेहऱ्याला थंडीपासून वाचवणारी म्हणून मलमं लावणाऱ्यांचे गाल-कान गोठण्याचं प्रमाण कमी तर नव्हतंच, उलट जास्त होतं. मलम लावलं की कातडीला ऊबदार वाटतं, माणूस निर्धास्त होतो, आणि टोपी खाली ओढायची ती ओढत नाही. तेव्हा क्रीम लावा, पण उन्हासाठी आणि कोरडेपणासाठी. वाऱ्यासाठी कापडच लागतं.

आणि वारा हेच खरं प्रकरण आहे. हवामानाच्या ॲपवर तापमानाच्या खाली ‘फील्स लाइक’ म्हणून दुसरा आकडा येतो ना, त्याचा इतिहास मला फार आवडतो. याची सुरुवात अंटार्क्टिकात झाली. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यांचा निबंध १९४५ साली छापून आला. पुढे अर्धं शतक त्याच सूत्रावर गाडी चालली. पण माणूस म्हणजे पाण्याचं नळकांडं नव्हे. म्हणून २००१ साली कॅनडा आणि अमेरिकेने नवं सूत्र आणलं, आणि त्यासाठी टोरोंटोमध्ये स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवलं. बाकी अंग कपड्यात, चेहरा उघडा, आणि त्या चेहऱ्यावर सेन्सर चिकटवलेले. म्हणजे आपण मोबाइलवर जो आकडा बघतो तो मुळात उघड्या चेहऱ्याचाच आकडा आहे!

त्या सूत्राने हिशेब केला तर उणे १० अंशात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तेव्हा चेहऱ्याला उणे २० सारखं लागतं. उणे १५ मध्ये तोच वारा असेल तर उणे २६. हा आकडा उणे २७-२८ च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, असं कॅनडाच्या हवामान खात्याचा तक्ता सांगतो. गुलमर्गला जानेवारीत, म्हणजे काश्मिरी लोक ज्याला चिल्लई कलाँ म्हणतात त्या चाळीस दिवसांत, पहाटे उणे दहाच्या आसपास पारा उतरणं ही काही बातमी नसते. गंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, फेज टूला (दुसऱ्या टप्प्यावर), अफरवट डोंगराच्या खांद्यावर गेलात की उंची जवळजवळ ३,९५० मीटर, आणि तिथे वाऱ्याला अडवायला एक झाड नाही. शिवाय स्कीइंग करणारा स्वतःचा वारा स्वतः तयार करतो. हवा स्तब्ध असली तरी उतारावरून तीसच्या वेगाने खाली आलात की नाकाला तीसचाच वारा लागतो. खाली पोचल्यावर थांबलात की तो गेला. म्हणून ‘आज वारा नाही, मस्त ऊन आहे’ म्हणत बफ (गळ्यात घालून नाकापर्यंत ओढायची कापडी नळी) खिशात टाकणारा माणूस तिसऱ्या फेरीला नाक चोळत असतो.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवायला हवा. वारा कातडीला हवेपेक्षा जास्त थंड करू शकत नाही, तो फक्त लवकर थंड करतो. हवाच शून्याच्या वर असेल तर ‘फील्स लाइक’ उणे पाच दाखवो की उणे सहा, नाक गोठणार नाही. नुसतं चरचरेल, लाल होईल, गळेल. घाबरायचं कशाला आणि कशाला नाही हे कळलं की अर्ध ओझं उतरतं.

नाक गळण्याचंही तसंच. आमच्या ग्रुपमधला एक जण गुलमर्गला पहिल्याच सकाळी सर्दीची गोळी घ्यायला निघाला होता. ती सर्दी नव्हे. कोरडी थंड हवा फुप्फुसात जायच्या आधी गरम आणि दमट करणं हे नाकाचं काम, ते जोरात चालू होतं आणि पाणी वाहतं. प्रश्न तो पाण्याचा नाही, पुसण्याचा आहे. हातमोज्याच्या खरखरीत पाठीने दिवसभर नाक पुसलं की ओठाच्या वरची कातडी सोलवटते आणि मग ओली, सोललेली कातडी गोठायला वेळ लागत नाही. चांगल्या स्की-हातमोज्याच्या अंगठ्यावर मऊ कापडाचा एक तुकडा शिवलेला असतो. तो शोभेचा नाही, नाक पुसण्यासाठीच आहे. भाड्याच्या हातमोज्यांना तो बहुधा झिजलेला असतो. मी जुन्या सुती साडीचे रुमाल करून नेते. ते धुवून हॉटेलातल्या बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीजवळ, तासाभरात वाळतात.

आता कापडाकडे. माकडटोपी वाईट नाही. तिची टिंगल करणाऱ्यांनी केदारकंठ्याच्या माथ्यावर पहाटे बसून बघावं. पण लोकरीच्या माकडटोपीतून वारा आरपार जातो, आणि तोंडावर ओढली की श्वासाची वाफ तिच्यात मुरते. अर्ध्या तासात ओठांसमोर एक ओला, मग कडक, मग बर्फाचा पत्रा तयार होतो. आता तो गालाला चिकटून गालच थंड करतो. जाड कापड जास्त पाणी धरतं, म्हणून तोंडासमोर जाड काही नको. माझी पद्धत अशी: डोक्याला पातळ माकडटोपी, तिच्यावर हेल्मेट, आणि गळ्यात बफ. बफ नाकाच्या दांडीपर्यंत ओढायचा, पण नाकपुड्यांखाली किंचित सैल ठेवायचा, म्हणजे वाफ खाली आणि बाहेर जाते. चढताना, रांगेत, लिफ्टवर वारा नसताना खाली. उतरताना वर. दर थोड्या वेळाने बफ फिरवायचा, ओली बाजू मानेकडे आणि कोरडी तोंडाकडे. दुसरा कोरडा बफ जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. बॅगेत नाही, कारण बॅग उघडायचा कंटाळा येतो आणि बॅगेतला बफ बर्फासारखाच गार असतो.

दम्याचा त्रास असणाऱ्यांना तर हे कापड नाकासमोर हवंच. थंड कोरड्या हवेत जोरात श्वास घेतला की श्वासनलिका आवळतात. लांब पल्ल्याचं स्कीइंग करणाऱ्या नावाजलेल्या खेळाडूंमध्येही हा त्रास बराच दिसतो. त्या खेळाच्या स्पर्धांचा नियम आहे की मार्गावरच्या सगळ्यात थंड जागी उणे २० अंशांच्या खाली पारा असेल तर शर्यत घ्यायची नाही. टीव्हीवर नॉर्वे-स्वीडनच्या खेळाडूंच्या गालांवर आणि नाकावर रंगीत पट्ट्या दिसतात, त्या जखमेच्या नसतात. स्नायूंना लावतात तीच चिकटपट्टी वारा अडवायला गालाच्या हाडांवर लावलेली असते. तोंड मोकळं राहतं, चष्म्यावर वाफ येत नाही. मी लावून बघितलीय. चालते. फक्त काढताना ओलं करून हळू काढा, नाहीतर कातडी सोलून निघते.

वाफ म्हटलं की गॉगल. बफ आणि गॉगल यांचं आपसात जमत नाही. बफ वर घट्ट ओढला की श्वास थेट गॉगलमध्ये जातो आणि समोरचं सगळं पांढरं होतं, तेही उतारावर. म्हणून बफची वरची कड गॉगलच्या फोमखाली कोंबायची नाही, फोमच्या बाहेर टेकवायची. थांबल्यावर गॉगल कपाळावर चढवायची सवय आपल्याला रस्त्यावरच्या काळ्या चष्म्यांमुळे लागलेली असते. ती इथे सोडायची. कपाळाला घाम असतो, तो आत जातो. आतल्या काचेवर वाफ न धरणारा नाजूक लेप असतो, ती बोटाने किंवा हातमोज्याने पुसली की लेप गेला. आणि हेल्मेट व गॉगल यांच्यात कपाळाची बोटभर पट्टी उघडी राहत असेल तर तिथे वारा असा बसतो की डोकं ठणकायला लागतं. भाड्याने घेताना हेल्मेट आणि गॉगल एकत्र घालून बघा, वेगवेगळे नाही.

आता ऊन. याबद्दल आपल्या लोकांना वाटतं, ‘आपण सावळे, आपल्याला काय होतंय.’ मी एकदा गुलमर्गहून थेट घरी गेले तर आईने दारातच विचारलं, “खंय गो तोंड काळा करून इलंस?” शेजारच्या काकू दचकून बघायला लागल्या. तोंड खरोखरच काळं झालं होतं, डोळ्यांभोवती गॉगलचा गोरा ठसा सोडून. सावळ्या कातडीला उन्हाने भाजायला वेळ जास्त लागतो, पण ती भाजते. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. समुद्रावरची कोरडी वाळू फेकते साधारण पंधरा टक्के. म्हणजे इथे ऊन खालूनही लागतं. हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडांना, कानांच्या पाळ्यांखाली, अशा जागी की जिथे गावाकडे आयुष्यात ऊन पोचलेलं नसतं. सनस्क्रीन तिथे लावायचं. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा एवढं सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला लागतं. लोक लावतात वाटाण्याएवढं, आणि मग एसपीएफ ५० वर छापलेला आकडा खोटा म्हणून शिव्या देतात. निघायच्या अर्धा तास आधी, खोलीतच लावा. बफ घासून आणि नाक पुसून ते निघून जातं, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा. ट्यूब आतल्या खिशात ठेवली नाही तर दुपारी ती पिळून काहीच येत नाही. ढगाळ दिवशीही लावा. पातळ ढग अतिनील किरणांना फारसे अडवत नाहीत.

डोळ्यांचं ऊन तर लगेच कळतही नाही. दिवसा सगळं ठीक असतं. सहा-बारा तासांनी, म्हणजे रात्री तंबूत, डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं, पाणी वाहतं, दिवा बघवत नाही. १९२४ साली एव्हरेस्टवर ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड नॉर्टन ऑक्सिजनशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत गेला. वाट नीट दिसावी म्हणून त्याने गॉगल काढला होता. त्यानंतर त्याला साठ तास काही दिसत नव्हतं. आपण तेवढे वर जात नाही, पण केदारकंठ्याच्या ३,८०० मीटरवर सकाळी आठचं ऊन पुरेसं असतं. तिथे गंमत अशी की निघतात पहाटे तीन-चारला, अंधारात, वाऱ्यात. तेव्हा गॉगल कोणाच्या डोक्यात नसतो. माथ्यावर सूर्य उगवतो, फोटो चालू होतात, आणि गॉगल बॅगेच्या तळाशी. सनस्क्रीनही पहाटे तीनला कोण लावणार? लावा. सूर्य वर आल्यावर हातमोजे काढून लावायला जमत नाही. चष्मा रस्त्यावरचा दीडशे रुपयांचा नको. नुसती काळी काच बाहुली मोठी करते आणि अतिनील किरण आत सोडते. यूव्ही ४०० (म्हणजे अतिनील किरण अडवणारा) लिहिलेला, कॅटेगरी ३ चा (हा काचेच्या गडदपणाचा क्रमांक), कडेने बंद असलेला घ्या. फारच झगझगीत बर्फ असेल तर ४, पण ४ चा चष्मा घालून गाडी चालवू नका, खूप काळोख होतो. गॉगल हरवलाच तर पुठ्ठ्याला दोन बारीक आडव्या चिरा पाडून तो डोळ्यांवर बांधायचा. आर्क्टिकमधले इनुइट लोक हाडाचे आणि लाकडाचे असेच चष्मे शतकानुशतकं वापरत आले.

एवढं सगळं करूनही एक अडचण उरते: स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नाही. आणि गोठायला लागलेला भाग दुखत नाही, बधिर होतो. दुखायचं थांबलं की माणसाला वाटतं बरं झालं. आमचा तिथला स्कीइंग शिकवणारा उस्ताद दर दोन फेऱ्यांनी सगळ्यांना ओळीत उभं करून म्हणायचा, “गॉगल ऊपर, शक्ल दिखाओ.” आम्ही हसायचो. मग एकदा सांगलीच्या एका मुलाच्या गालाच्या हाडावर रुपयाच्या नाण्याएवढा डाग त्याला दिसला. पुस्तकात लिहितात ‘पांढरा डाग’. सावळ्या चेहऱ्यावर तो पांढरा दिसत नाही. राखाडी, मेणचट, भोवतालच्या कातडीपेक्षा निर्जीव दिसतो. बघायची सवय नसेल तर सनस्क्रीन नीट पसरलं नाही असं वाटेल. मुलाला काहीच जाणवत नव्हतं. उस्तादाने त्याला झोपडीच्या आडोशाला नेलं, स्वतःचा हातमोजा काढला आणि ऊबदार तळवा त्या गालावर नुसता धरून ठेवला. चोळलं नाही. बर्फ चोळण्याचा जुना सल्ला तर अजिबात ऐकायचा नाही. थोड्या वेळाने मुंग्या आल्या, मग झणझणलं, मग गाल लाल झाला. इतकंच असेल तर काम भागतं, फक्त त्या दिवशी पुन्हा वाऱ्यात जायचं नाही, कारण एकदा गोठलेली जागा पुन्हा लवकर गोठते. जागा लाकडासारखी कडक लागली, फोड आले, किंवा ऊब देऊनही जाणीव परत आली नाही तर मात्र सरळ दवाखाना. आणि बुखारीसमोर किंवा कांगडीवर (काश्मिरी लोक जवळ बाळगतात त्या निखाऱ्यांच्या मडक्यावर) बधिर गाल शेकायचा नाही. चटका बसतोय हे कळतच नाही, थंडीपासून वाचलेली कातडी आगीने भाजते.

तेव्हापासून आम्ही जोड्या लावतो. रांगेत उभं असताना एकमेकांची नाकं बघायची. नवरा-बायको असले तर शक्यतो वेगळ्या जोडीत टाकते. नवरे बायकोचा चेहरा नीट बघतात हा भरवसा मला नाही.

पुरुषांसाठी एक: सकाळी दाढी करू नका, संध्याकाळी करा. ताज्या वस्तऱ्याच्या कातडीवर वारा झोंबतो. मिशीवर बर्फ धरला तर ओढून काढू नका, आत जाऊन वितळू द्या. ज्यांना ओठांवर पूर्वी फोड येऊन गेलेत त्यांनी बामात कंजूषी करू नये. उंचावरच्या उन्हाने ते पुन्हा उठतात.

आणि बायकांचा ठरलेला प्रश्न, जो मला खासगीत मेसेज करून विचारला जातो: चमकी काढायची का? हो. कानातलंही. धातू ऊब झरझर खेचतो, आणि नाकपुडीची कड ही आधीच चेहऱ्यावरची पातळ, थंडी लवकर लागणारी जागा. शिवाय बफ दिवसभर वरखाली करताना चमकी त्यात अडकते ती वेगळीच. आठ दिवसांत भोक बुजेल म्हणून जीव खालीवर होत असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकची बारीक काडी मिळते, ती घाला. नाही मिळाली तर आपल्याकडे कान टोचल्यावर घालतात ती कडुनिंबाची काडी आहेच. मी तीच घालते.